आक्कांची हजेरी

माझी लेक पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्या दाराला किल्लीच नाही. अंगठा टेकवला की दार उघडतं, आणि परका अंगठा टेकला की फोनवर घंटी वाजते. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मी त्या दारासमोर अर्धा तास उभी होते, कारण लेक ऑफिसात होती आणि दाराच्या मते मी परकी होते. वॉचमन येऊन माझा फोटो काढून गेला. मग जिन्याच्या पायरीवर बसून डब्यातला लाडू खाल्ला आणि मनात म्हटलं, बाई गं, तुझा जन्मच मुळी कुलपाबाहेर ताटकळण्यात गेला. आणि तिथं त्या पायरीवर मला सांगलीतली आमची खोली आठवली, आक्का आठवल्या, आणि आबांनी हौसेनं बसवलेला तो कोयंडा.

आमचे आबा फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. आम्ही मूळचे शिराळ्याकडचे. आबांच्या नोकरीमुळे आई आणि मी गाव सोडून सांगलीत आलो आणि गावभागाच्या पाठीमागं, नदीकडं उतरणाऱ्या बोळात, आक्कांच्या आवारात भाड्यानं राहिलो. आक्कांचे मालक हळदीचे अडते होते. ते गेले, व्यापार बंद पडला, आणि अंगणातल्या ज्या खोल्यांत पूर्वी हळदीची पोती असायची तिथं माणसं राहायला आली. म्हणजे आम्ही. भिंतींना कितीही चुना द्या, पावसाळ्यात ओल आली की आतून हळद वर यायची. माझे शाळेचे पांढरे शर्ट पाठीकडून पिवळे असत. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुमच्याकडं रोज लग्न असतं का गं? मी उत्तर देत नसे. आता देते, पण आता कुणी विचारत नाही.

आक्का वर माडीवर एकट्या राहायच्या. उंच, कोरड्या अंगाच्या, पांढऱ्या साडीतल्या जैन बाई. मूलबाळ नाही. खोली देताना त्यांनी आबांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दाराला आरपार भोक पाडायचं नाही. आणि संध्याकाळी हाक मारली की ओ द्यायची. पहिल्या दोन गोष्टींचं आबांना फार वाईट वाटलं, कारण फौजेतला माणूस कुठंही उतरला की आधी काहीतरी ठोकतो. खिळ्यांवाचून आमचे कपडे खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर, आरसा ट्रंकेवर आणि देव फडताळात, असा संसार होता. तिसऱ्या गोष्टीचं वाईट मला वाटायचं.

त्याचं असं होतं. आक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या. वर ताट घासल्याचा आवाज आला की आवारातल्या सगळ्यांना कळायचं, आता हाक येणार. आक्का सज्जात येऊन कठड्याला धरून उभ्या राहत आणि भाडेकरूंना त्यांच्या गावाच्या नावानं पुकारत. आवारात बिऱ्हाडं दोनच. शेजारच्या खोलीत लताकाकू आणि त्यांचे मालक. काकू ब्लाऊज शिवायच्या, मालक एसटीत वाहक. ते तासगावचे.

"तासगावऽ, आलात काऽ?"

"आलोऽ", लताकाकू शिलाई मशीन न थांबवता ओरडायच्या.

"शिराळाऽ, आलात काऽ?"

आता ओ द्यायचं काम आईनं माझ्यावर सोपवलेलं. दहावीतली मुलगी मी, नुकतीच केसांना दोन पिना जास्त लावायला शिकलेली, आणि रोज तिन्हीसांजेला भर बोळाला ऐकू जाईल असं "आलोऽ" म्हणून ओरडायचं. समोरच्या घरातली मुलं मला नावानं ओळखतच नसत. शाळेत जाताना मागून हळूच "शिराळाऽ" ऐकू यायचं. म्हणून मी तोंडातल्या तोंडात "आलो" म्हणायचे. वरून पुन्हा हाक यायची, आणि आई लाटणं हातात घेऊन नुसती बघायची. मग माझा आवाज खुलायचा.

दोन्हीकडून ओ आली की आक्का सावकाश खाली यायच्या, फाटकाला अडसर घालायच्या आणि वर जायच्या. कामावर गेलेले पुरुष सोडून कुणी एक जण बाहेर असेल तर अडसर पडायचा नाही. एकदा शिकवणीनंतर मैत्रिणीकडं रेंगाळले. आले तर आक्का फाटकाजवळच्या दगडावर बसलेल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी "जेवलीस?" एवढंच विचारलं, अडसर घातला आणि गुडघ्यावर हात टेकत वर गेल्या. आईनं रात्री सांगितलं, दिवस मावळल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि तुझ्यापायी घसा कोरडा घेऊन बसल्या होत्या. पुन्हा मी उशीर केला नाही, असं लिहायला आवडलं असतं. केला. पण पळत आले.

आबांना ही हजेरी आवडायची. "हिला म्हंत्यात रोलकॉल," ते म्हणायचे. "म्हातारी फौजेत पाहिजे हुती." पण सुरक्षेच्या बाबतीत त्यांचा खरा विश्वास कुलपावर. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात ते बाजारातून नारळाएवढं पितळी कुलूप घेऊन आले आणि गोदामाच्या दाराला शोभेल असा जाड, रुंद कोयंडा. दार दोन फळ्यांचं. एका फळीला कडी होती, दुसऱ्या फळीवर आबांनी कोयंडा बसवला. अशा कोयंड्याला आरपार बोल्ट घालून आतून नट आवळायचा असतो, हे मला आज माहीत आहे. तेव्हाही आबांना माहीत असणार. पण आरपार भोक पाडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी बाहेरूनच चार स्क्रू मारले, कुलूप अडकवलं, दोन्ही हातांनी हिसडा दिला, आणि आम्हां दोघींकडं वळून म्हणाले, "आता हत्ती आला तरी हालणार न्हाई."

हत्ती येणार नव्हताच. गोदामावर तर ते नव्या पोरांना आमच्या कुलपाची गोष्ट सांगायचे. यार्डातून घरी येताना त्यांच्या खाकी सदऱ्याला हळदीचा वास, हातात कधी गुळाचा खडा कागदात गुंडाळलेला, आणि दारात आल्यावर आधी कोयंड्याला एक हिसडा, मग आम्हांला हाक. आई दर शुक्रवारी दार पुसायची, कोयंडा चिंचेनं घासायची. तो असा लखलखायचा की बोळातून दिसावा. मी म्हणायचे, एवढा कशाला घासतेस? ती म्हणायची, "तुझ्या आबास्नी बरं वाटतंय."

पुढं आक्कांचे गुडघे धरले आणि डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला. तेव्हा त्यांच्या दिराचा मुलगा भरतेश पुण्याहून येऊन राहू लागला. माणूस वाईट नव्हता. चहा पाजायचा, मला इंग्रजी व्याकरण समजावून द्यायचा. पण त्याच्या डोक्यात आवार विकायचं होतं आणि गिऱ्हाईकाला जागा मोकळी हवी होती. त्यानं आबांना दोनदा गाठून सांगितलं, खोली सोडा. आबा दोन्ही वेळा एकच बोलले: आक्कांनी सांगू दे, दुसऱ्या दिवशी बोजा बांधतो. आक्कांनी काही सांगितलं नाही. पण घरात मात्र त्या दिवसापासून बोलणी हळू आवाजात होऊ लागली. आईनं दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. कुठं पागडी, कुठं नदीच्या अगदी काठाची जागा, कुठं आबांची रात्रपाळी म्हटल्यावर घरमालकाची नजर आईवरून फिरून येणारी. घरी येऊन आई म्हणाली, "पोरीला घेऊन तिथं न्हाई राहायची मी." माझी दहावी, आबांची रात्रीची डूटी, आणि रात्रीपुरत्या आम्ही दोघी. त्या आवाराबाहेर आम्हांला सांगलीत जागा नव्हती, हे तिघांनाही कळत होतं आणि तिघंही दुसऱ्याच विषयावर बोलत होतो.

अशात पंचमी आली. शिराळ्याकडच्या बाईला नागपंचमीला माहेरी जाऊ नको म्हणणारा अजून जन्माला यायचाय. आम्ही तिघंही पहाटेच्या एसटीनं आजोळी गेलो. पूजा झाली, झोके झाले, मामीनं पुरणाची दिंडं उकडली होती. आमच्यात पंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत, माती उकरत नाहीत. सगळं वाफेवर. आबांची रात्रपाळी असल्यामुळे दुपारीच परत निघालो. आईच्या मांडीवर दिंडांचा डबा, फडक्यात बांधलेला, आणि गाडी भरून त्या गोड वाफेचा वास. ऊन उतरायला लागलं तेव्हा आवारात शिरलो.

आमच्या दाराला दुसरं कुलूप होतं. नवं, काळं, कोयंड्यात आमच्या कुलपाशेजारी शहाण्यासारखं बसलेलं. आबांचा कोयंडा एवढा ऐसपैस, की दोन कुलपं सुखानं मावली.

लताकाकू धावत आल्या. भरतेशनं दुपारी ते कुलूप घातलं होतं. काकू विचारायला गेल्या तर म्हणाला, शिराळ्याची माणसं खोली सोडून गावाला गेली, सामान मागाहून नेतील. मग आक्कांना रिक्षात घालून डोळ्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. वरच्या जिन्यालाही कुलूप.

आबांनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. ते आवारभर दगड शोधू लागले. मला अजून आठवतं, मी भ्यायले ती कुलपाला नाही, आबांच्या हातातल्या दगडाला. ते दाराजवळ आले आणि आई मध्ये उभी राहिली. डबा तिच्या कडेवर, तान्हं मूल घ्यावं तसा.

"आवं, आज पंचमी हाय. आज काय फोडायचं न्हाई."

"मग रस्त्यावर निजायचं व्हय?"

"आनि फोडलं म्हंजे उद्या तोच चौकीवर जाऊन सांगंल, भाडेकरूनं कुलूप फोडलं म्हणून. तुमची नोकरी पहाऱ्याची."

आबा थांबले. हे मात्र त्यांना लागलं. दगड हातातच होता. आई लताकाकूंकडं वळली आणि अगदी मिठाची वाटी मागावी तसं म्हणाली, "लते, तुज्या मशीनचा पेचकस आन जरा."

मला कळेना. आबांनाही कळेना. काकूंनी शिलाई मशीनचा बोटभर पेचकस आणून दिला. आईनं डबा माझ्याकडं दिला, पदर खोचला आणि कोयंड्याचा वरचा स्क्रू पिळायला लागली. दर शुक्रवारी चिंचेनं घासून त्या स्क्रूंच्या खाचा आरशासारख्या स्वच्छ राहिल्या होत्या. एक निघाला. दुसरा निघाला. चौथा निघाल्यावर सगळा कोयंडा दोन्ही कुलपांसकट कडीला लोंबकळू लागला, आणि दार उघडलं. कुलपं दोन्ही बंदच होती. हत्तीचं काम एका बाईनं मशीनच्या पेचकसानं केलं होतं.

आबा कोयंड्याकडं बघत राहिले. मग आईकडं. "तुला म्हाईत हुतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"आनि बोलली न्हाईस?"

"तुमी एवढ्या हौसेनं बसवलेलं," आई म्हणाली. "आनि त्या कुलपाच्या भरवशावर मी एक रात बी झोपले न्हाई. वरनं आक्कांची हाक आली, खाली अडसर पडला, की मग मला डोळा लागायचा."

हे बोलणं एवढंच. पण आबांनी हातातला दगड जागेवर नेऊन ठेवला, आणि तो ठेवताना त्यांचे खांदे किती उतरले होते ते मला आज या वयात जास्त नीट दिसतं. तेव्हा मला हसू येत होतं. मी ते दाबण्यासाठी डब्याच्या फडक्यात तोंड खुपसलं आणि दिंडांचा वास घेत राहिले.

आम्ही आत गेलो. आणि मग आईनं त्या दिवसातली दुसरी गोष्ट केली, जी मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती म्हणते, "आई, तू हे बनवून सांगतेस." आईनं आतून काकूंना सांगितलं, "लते, कडी लाव आनि चारी स्क्रू हुते तसे बसव." काकू म्हणाल्या, बाई, तुमी आत, मी बाहेरनं कोंडू? आई म्हणाली, कोंड. आमी काय सोडलं न्हाई, काय फोडलं न्हाई, कुणाच्या वस्तूला हात लावला न्हाई. हाय तसं राहू दे. आक्का जेवून हाक मारंल, तवर आमी बसतो.

आणि काकूंनी आम्हांला कोंडलं. बाहेर स्क्रू पिळल्याची बारीक करकर, मग मशीन पुन्हा सुरू झालेलं. आत आम्ही तिघं. दिवा लावला नाही. आबा ट्रंकेवर बसले. रात्रभर दुसऱ्याच्या दारावर पहारा देणारा माणूस स्वतःच्या घरात दोन कुलपांच्या आत. थोड्या वेळानं ते पुटपुटले, "नोकरीत कदी कोठडी बघितली न्हाई. आज बघितली." आईनं त्यांच्या हातात एक दिंड ठेवलं. त्यांनी ते खाल्लं नाही, नुसतं धरून बसले.

रिक्षा आली. आक्का भरतेशच्या हाताला धरून आमच्या दारावरून गेल्या, त्यांच्या चपलांचा ओळखीचा आवाज जिन्यावर चढत गेला. आबा उठायला गेले, आईनं खुणेनं बसवलं. तिला जेवू दे. वरती ताट मांडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग ताट घासल्याचा. मला एकदम कळलं की ओ मला द्यायची आहे.

"तासगावऽ, आलात काऽ?"

"आलोऽ."

पुढची हाक आली नाही. वरून भरतेशचा आवाज आला, समजुतीचा, आजारी माणसाशी बोलतात तसा. शिराळ्याची माणसं गेली आक्का, सांगितलं की तुम्हाला, खोली रिकामी झाली, मी कुलूपही घातलं. आक्का म्हणाल्या, "मला न सांगता जाणारी माणसं न्हवंत ती. हाक मारून बघू दे की."

"शिराळाऽ, आलात काऽ?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. गरज नव्हती. त्या बोळात मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. समोरच्या घरातली सगळी मुलं दारात आली असणार. "आलोऽऽ!"

मग जिन्यावर धावती पावलं. भरतेश आमच्या दारासमोर येऊन थांबला. फटीतून मला त्याचा पट्टा आणि अर्धा सदरा दिसत होता. त्यानं आपलं कुलूप ओढून बघितलं. मग आमचं ओढलं. मग पुन्हा आपलं. त्याच्यामागून, पायरीपायरीवर थांबत, आक्का उतरून आल्या. हाताला धरायला कुणी नसताना त्या कधी उतरत नव्हत्या हल्ली. त्यांनी दार चाचपलं, कुलपांवरून हात फिरवला. एक ओळखीचं, एक अनोळखी.

"आत कोन हाय?"

"आमीच हाय आक्का," आई म्हणाली. "पंचमीला गेलो हुतो. आत्ता आलो."

भरतेश म्हणाला, आक्का, पण कुलूप तर... मला त्या माणसाची आजही दया येते. कोंडलेल्या खोलीत माणसं, तीही त्यानंच कोंडलेली, आणि ओरडायचं तरी काय म्हणून?

"भरतेशा," आक्का म्हणाल्या, "तू आज हैस, उद्या पुन्याला जाशील. मला काय झालं तर जिना चढून कोन येनार? ह्या बाईनं यायचं. मी रोज हाक मारते ती काय त्येंच्यासाठी? त्येंची ओ ऐकली की मला झोप लागती. ह्येंना घालवून मला कुनाच्या भरवशावर ठेवतोस तू?"

शेजारचं मशीन थांबलं होतं. मग भरतेशच्या खिशात किल्ल्या वाजल्या. त्याचं कुलूप निघालं. पण आमचं निघायचं राहिलं होतं, आणि त्याची किल्ली आत आबांच्या खिशात. आबांनी ती दाराखालून सरकवली. ती उचलायला भरतेशला वाकावं लागलं. आबांनी ते मुद्दाम केलं नाही. दुसरा रस्ताच नव्हता. पण पुढं यार्डात ही गोष्ट सांगताना ते एवढ्याच भागाला आवाज चढवत. कोयंड्याचा भाग गाळत.

दार उघडलं. आक्कांनी आम्हांला एकेकाला बघितलं, म्हणजे त्या धूसर डोळ्यांना जेवढं दिसलं तेवढं. मग आईला म्हणाल्या, "दिंडं आनलीस?" त्यांनी मान वर करून आभाळाकडं पाहिलं. नदीकडं अजून उजेड होता. आईनं डबा पुढं केला. आक्कांनी पायरीवर बसून एक दिंड घेतलं, अर्धं मोडून भरतेशच्या हातात दिलं आणि उरलेलं सावकाश खाल्लं. पाणी प्यायल्या. मग फाटकाला अडसर घातला.

आम्ही त्या खोलीत आणखी काही वर्षं राहिलो. भरतेशनं पुन्हा विषय काढला नाही, आणि माझं व्याकरण मात्र तो जाईपर्यंत सुधारत राहिला. आबांनी कोयंडा बदलायचा म्हटलं तेव्हा आक्कांनी आरपार भोक पाडायची परवानगी दिली. आबांनी पाडलं नाही. चारी स्क्रू तसेच राहिले, आणि आई शुक्रवारी ते घासत राहिली. घरी येताना कोयंड्याला हिसडा देणं मात्र आबांनी सोडलं. दारातून ते थेट आम्हांला हाक मारू लागले.

पुढं साताऱ्याला आमचं स्वतःचं घर झालं. बोजा टेंपोत चढवताना आई वर जाऊन आक्कांच्या पाया पडली, आबांनी किल्ली दिली, मी रडू येऊ नये म्हणून पिना मोजत बसले. साताऱ्याच्या घराला आबांनी लोखंडी जाळी, आतली कडी, बाहेरची कडी असं सगळं केलं, आरपार बोल्ट घालून. पहिल्या संध्याकाळी आई दिवा लावून उगाचच दारात उभी राहिली. बराच वेळ. त्या नव्या घरात तिला पहिले काही दिवस झोप आली नाही, आणि आबांना वाटत होतं, जाळी कमी पडली.

मग लताकाकूंचा फोन आला, शेजाऱ्यांकडच्या फोनवर. खोलीत अजून कुणी आलं नाही म्हणाल्या. पण आक्का आता विसरतात. काल तासगाव म्हणून हाक मारली, काकूंनी ओ दिली. आणि सवयीनं पुढची हाकही आली: शिराळाऽ, आलात काऽ? काकू म्हणाल्या, म्हातारी कठड्याला धरून उभी, अडसर घालायला खाली येईना. काय करनार बाई? मशीन थांबवलं, तुमच्या दारात जाऊन उभी राहिले, आनि तिथनं ओ दिली.